शाळा नावावर घेऊ नका

जून जवळ आला की आपल्या घरात दोन हिशेब एकदम सुरू होतात. एक बियाण्याचा, दुसरा पोरांच्या शाळेचा. बियाण्याच्या बाबतीत आपण कुणाच्या शब्दावर जात नाही. सोयाबीनचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवतो, ७० उगवले तरच पेरतो. शाळा मात्र नुसत्या नावावर घेतो. ‘तिकडं निकाल चांगला लागतो’, ‘त्यांची गाडी दारात येते’, ‘पोरं टाय लावून जातात’. झालं, ठरली शाळा!

निकाल बघावा, त्यात काही वावगं नाही. पण तेवढ्यावर थांबू नये.

आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी शेळ्या विकून फी भरली आणि पोराला तालुक्याच्या नावाजलेल्या शाळेत घातलं. दिवाळीनंतर पोरगं रोज सकाळी पोट दुखतंय म्हणू लागलं. घरच्यांना वाटलं, अभ्यासाचा कंटाळा. दोन रट्टेही बसले. मग हळूहळू उलगडलं. ते गाडीत बसलं की शेजारची मुलं उठून जात. त्याला कुणी नावानं हाक मारत नसे, जातीनं मारत. शाळेत सांगायला गेले तर उत्तर मिळालं, ‘पोरांचं चालायचंच!’ त्या वर्षीही शाळेचा निकाल उत्तम लागला. पण ते पोरगं त्या निकालात नव्हतं, शाळा सोडून ते घरी बसलं होतं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. त्याला वर्गात वेगळं बसावं लागे, बसायला तरट घरून न्यावं लागे आणि शिपायानं नळ सोडला तरच पाणी मिळे. शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. पुढं राज्यघटनेनं अस्पृश्यताच बंद केली. तरट गेलं, पण टोमणा काही गेलेला नाही.

म्हणून मायबापहो, नाव घालण्याआधी एकदा मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन उभे राहा. जेवायला कोण कुणाशेजारी बसतं? शेवटच्या बाकावर रोज तीच मुलं असतात का? झाडलोट आळीपाळीनं होते, की ठरावीक मुलांकडूनच? ऊसतोडणीवाल्यांच्या, पारध्यांच्या पोरांना काय म्हणून हाक मारतात? आणि मुख्याध्यापकांना सरळ विचारा, ‘एखाद्या पोराला कुणी छळलं, तर तुम्ही काय करता?’ ‘आमच्याकडं असं काही होतच नाही’ असं उत्तर आलं तर जरा सावध व्हा. पोरं म्हटली की भांडणं आलीच. ती मिटवायची कशी, हे ज्यांना सांगता येतं ती शाळा खरी.

आपल्या हातात कायदाही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी केली आहे. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. नुसती सही करून घरी येऊ नका, तिथं बोला. अडचण मोठी असेल तर मुलांसाठी १०९८ हा फुकट दूरध्वनी क्रमांक आहे.

आता एक कडू गोष्ट. छळ सोसणारं पोर कुणाच्या घरचं, हे आपण विचारतो. छळणारं पोर कुणाच्या घरचं? तेही आपल्यातल्याच कुणाचं तरी असतं. ओसरीवर आपण मजुराला जो शब्द वापरतो, तोच पोरगं दप्तरात घालून शाळेत नेतं. गडीमाणसाचा कप आपल्या घरात वेगळा ठेवलेला असेल, तर तो धडा गुरुजींच्या आधी आपणच शिकवलेला असतो.

आज संध्याकाळी पोर घरी आलं की ‘किती मार्क पडले?’ हे जरा मागं ठेवा. आधी विचारा, ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास? कोण एकटंच बसलं होतं?’ उत्तर शांतपणे ऐकून घ्या. शाळा कशी आहे ते त्यातून कळेल, आणि आपलं घर कसं आहे तेही.