वरच्या अंगाचे घर

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो, ते बांधणाराच्या खिशाकडे पाहून. परंतु घराची किंमत नेहमी बांधणाराच देतो असे नाही. पुष्कळदा ती दूरवर राहणाऱ्या, त्या घराचा पत्ताही ठाऊक नसलेल्या माणसाला द्यावी लागते. जामबाग, सुलतान बझार, काचीगुडा या आपल्या जुन्या वस्तीतील कितीतरी कुटुंबांत सध्या एक बेत शिजतो आहे. वाडा विकावयाचा, भावाभावांनी पैसे वाटून घ्यावयाचे आणि मोईनाबाद, शंकरपल्ली, चेवेल्ला या बाजूस मोकळ्यावर नवे घर उठवावयाचे, असा तो बेत.

ही इच्छा गैर आहे असे मी म्हणणार नाही. गल्लीत ऊन येत नाही, गाडी उभी करावयास जागा नाही, वाड्याला वारस दहा आणि न्हाणीघर एक! आपल्या वस्तीच्या नावात पेरूची बाग उरली आहे. पेरूचे झाड मात्र शोधून काढावे लागते. अशा ठिकाणी जन्म काढलेल्या माणसास अंगण हवेसे वाटले, तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. माझे म्हणणे इतकेच की, जिला आपण ‘मोकळी जमीन’ म्हणतो, ती रिकामी नाही. तिच्याकडे एक काम सोपविलेले आहे.

ते काम कोणते, हे आपल्या वस्तीने विसरू नये. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा आपली विवेकवर्धिनी जेमतेम वर्षाची होती. त्या पुरात सुमारे १५,००० माणसे दगावली असा अंदाज आहे. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी त्याची मीमांसा केली, तेव्हा वरच्या पाणलोटातील दोनशेहून अधिक तळी त्या पावसात फुटली होती असे दिसून आले. अर्थात पूर शहरात आला, तरी तो तयार झाला खेड्यांच्या शिवारात. म्हणून उपायही वरच्या अंगालाच करावा लागला. मुसीवर १९२० साली उस्मानसागर आणि ईसी नदीवर १९२७ साली हिमायतसागर उभा राहिला. पाणी पिण्यास मिळाले हा दुसरा लाभ. पहिला हेतू पूर अडविण्याचा होता.

या तलावांच्या रक्षणासाठी ८ मार्च १९९६ रोजी १११ क्रमांकाचा सरकारी आदेश निघाला. तलावांपासून दहा किलोमीटरच्या परिसरातील ८४ गावांत वसाहती, मोठी हॉटेले आणि घाण सोडणारे कारखाने यांस मनाई झाली. एका कारखान्यासाठी सवलत मागण्यात आली, तीही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मान्य केली नाही. परंतु २०२२ च्या एप्रिलमध्ये तेलंगण शासनाने ६९ क्रमांकाचा आदेश काढून हे निर्बंध सैल केले आणि २०२३ च्या मे महिन्यात मूळ आदेशच रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जाहीर केला. आपल्या वाड्यांतील बेतांना पालवी फुटली आहे, ती या हवेत.

निर्बंध नकोत म्हणणारांची बाजू पोकळ नाही. शहरास आता मुख्यतः कृष्णा, गोदावरी आणि मांजरा यांचे पाणी मिळते. या दोन तलावांचा वाटा अगदी थोडा उरला आहे. शिवाय त्या ८४ गावांच्या शेतकऱ्याने आमच्यासाठी पाव शतकाहून अधिक काळ आपली जमीन अडवून ठेवली. शेजारच्या गावात एकराला सोन्याचा भाव आणि याच्या शेताला गिऱ्हाईक नाही! आणि आदेश असतानाही धनिकांची फार्महाऊसे तेथे उठलीच. ह्या अन्यायास मी न्याय म्हणणार नाही.

तथापि, त्याचे उत्तर वसाहत हे नव्हे. गंडीपेटचे पाणी उताराने शहरात येते. कृष्णेचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून विजेने उपसून आणावे लागते. स्वस्त विहीर बुजवून महाग घागर विकत घेण्याचाच हा व्यवहार. आणि पुराचे काय? माती फरसबंद झाली की, जे पाणी मुरले असते ते एकदम तलावात धावते. दरवाजे उघडावे लागतात आणि खालच्या गल्ल्यांत ते पाणी शिरते. २०२० च्या ऑक्टोबरात शहराने काय सोसले ते आपण पाहिले. २०२५ च्या सप्टेंबरात मुसी इमलीबनच्या बसस्थानकात शिरली. तेथून जामबाग कितीशी दूर आहे? उलट, कमी पावसाच्या साली भरावाने ओढे बुजलेले असले म्हणजे तलावात पाणीच पोचत नाही. शिवाय मैल्याचे पाणी कोठे जाणार, हा प्रश्न आहेच.

म्हणून माझे दोन सांगणे आहेत. पाणलोट राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यास शहराने दरसाल मोबदला द्यावा. आम्ही पाणीपट्टी भरतो, त्यात चार पैसे अधिक भरू. दुसरे सांगणे आपल्या मंडळींस. जागा घेण्यापूर्वी दलालास भाव विचारतो, तसे आणखी तीन प्रश्न विचारावेत: या जागेवर पडणारे पाणी कोणत्या ओढ्याला जाते, मैला कोठे जाईल आणि बोअर आटली तर टँकर कोठून येईल? उत्तर मिळाले नाही, तर जुन्याच जागी भाऊबंदांनी मिळून नवी इमारत बांधण्याचा विचार करावा. नळ, गटार, शाळा, मेट्रो हे सारे येथे जवळच आहे. भावाभावांचे पटणे कठीण, हे मी जाणतो. परंतु न पटणाऱ्या भावांनी वेगवेगळे चार बंगले बांधले, तर त्या चारांचा भार त्याच तलावांवर पडतो.

गंडीपेटचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडीत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी प्यालो आहो. निदान ते अडवून धरणाऱ्या मातीवर तरी आपण पाया खणू नये.