ड्रिल मारण्याआधी एक मेसेज

नव्या फ्लॅटवर शिफ्ट झालात ना? मग एव्हाना तुमच्या फोनमध्ये 'रूम मेकओव्हर'ची वीसेक रील्स सेव्ह असणार. एक भिंत गडद हिरवी, तिच्यावर लाकडी शेल्फ, त्यावर मनीप्लांट, खाली पिवळा दिवा. आणि समोर तुमची खरी रूम : मळकट पांढरी भिंत, गेल्या मुलांनी चिकटवलेल्या सेलोटेपचे डाग आणि एकच कपाट, तेही नीट बंद न होणारं. हात शिवशिवणारच.

आमचेही शिवशिवले होते. कर्वेनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, आम्ही तिघी, भाडं अठरा हजार, डिपॉझिट पन्नास हजार. बाथरूममध्ये सामान ठेवायला जागाच नव्हती. तीन शांपू, तीन फेसवॉश, सगळं बादलीच्या कडेला रांगेत. मग आम्ही एका रविवारी ड्रिल मशीन भाड्याने आणलं, यूट्यूबवर बारा मिनिटांचा व्हिडिओ बघितला आणि स्टीलचं रॅक ठोकून मोकळ्या झालो. तीन स्क्रू व्यवस्थित बसले. चौथा जरा अडकत होता, तोही जोर लावून बसवला. रॅकचा फोटो स्टेटसला टाकला. घरमालकीण काकूंना काही सांगितलं नाही. 'एवढ्याशा गोष्टीसाठी काय विचारायचं?' हे वाक्य माझंच.

दीड महिन्याने खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांच्या बेडरूमच्या छतावर ओलीचा डाग पडला होता आणि तो रोज थोडा थोडा पसरत होता. प्लंबरने टाइल्स काढल्या. आमच्या चौथ्या स्क्रूने भिंतीतल्या पाइपला जखम केली होती. सुरुवातीला स्क्रूनेच ते भोक बुजवून धरलं होतं, नंतर पाणी झिरपत गेलं. वरची टाइल फोडा, पाइप बदला, तशाच टाइल्स शोधा, त्या मिळत नाहीत म्हणून अख्खी भिंत नवी करा, खाली छताला रंग द्या. पन्नासातले सतरा हजार परत आले. सहाशे रुपयांच्या रॅकसाठी तेहतीस हजार! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

पण पैशापेक्षा काकूंचं एक वाक्य जास्त लागलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, त्या भिंतीतून गीझरची लाइन जाते. समोरच्या भिंतीवर लाव म्हटलं असतं."

माझं म्हणणं याच वाक्यावर उभं आहे. परवानगी मागणं म्हणजे मालकापुढे हात जोडणं, असं आपल्याला वाटतं. होस्टेलच्या रेक्टरपासून सुटून आलेल्या आपल्याला आणखी एक रेक्टर नको असतो. पण त्या घराची जितकी माहिती मालकाला असते तितकी आपल्याला नसते. कुठल्या भिंतीत पाइप आहे, कुठली भिंत भार घेते, वायरिंग कधीचं आहे, पावसाळ्यात कुठला कोपरा ओला होतो. परवानगी मागताना आपण खरं तर ही माहिती मागत असतो. ती फुकट मिळते. न मागता ती कळते तेव्हा तिचं बिल येतं.

आता तुम्ही म्हणाल, 'आम्ही घर बिघडवत नाही, सुधारतोय. उलट मालकानेच थँक्यू म्हणायला हवं!' इथेच गडबड आहे. सुधारणा कोणाच्या नजरेतून? तुमची गडद हिरवी भिंत तुम्हाला कॅफेसारखी वाटते. मालकाच्या डोक्यात मात्र गणित सुरू होतं, की या रंगावर पांढरा चढवायला किती हात मारावे लागतील. दुसऱ्याच्या भिंतीवर आपली आवड रंगवायची आणि वर कौतुकाची अपेक्षा ठेवायची, याला आपल्याकडे 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' असा शब्दप्रयोग आहे.

थोडं कायद्याचंही बोलू. घाबरू नका, लेक्चर नाही. तुम्ही सही केलेला अकरा महिन्यांचा कागद एकदा उघडा. त्यावर बहुतेक 'लीव्ह अँड लायसन्स' लिहिलेलं असेल. म्हणजे बोलताना आपण स्वतःला भाडेकरू म्हणत असलो, तरी कागदावर आपण परवानाधारक असतो. दुसऱ्याची जागा वापरण्याची परवानगी, एवढाच तो हक्क. ही व्याख्या १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. त्याच कायद्याचं कलम ६० म्हणतं की मालक असा परवाना रद्द करू शकतो, पण परवान्याच्या आधारे राहणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी काम केलं असेल, तर त्याला तो तसा रद्द करता येत नाही. लगेच खूश होऊ नका. करारात बंदी असताना गुपचूप केलेल्या कामाला हा आधार मिळेल, या भरवशावर राहू नका. मी हे सांगतेय ते वेगळ्या कारणासाठी. तुमच्या करारात 'कोणताही बदल लेखी परवानगीशिवाय करू नये' हे वाक्य का असतं, ते यातून कळतं. मालकाला भीती खिळ्याची नसते. आज ओटा वाढवला, उद्या माळा बांधला, परवा 'मी खर्च केलाय, जाणार नाही', या साखळीची असते.

ही भीती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी जवळपास गोठवली. प्रमाण मानलं ते १ सप्टेंबर १९४० चं भाडं. पिढ्यानपिढ्या भाडेकरू राहिले आणि मालक नावापुरते उरले. तुमच्या घरमालक काकांनी हे आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं असू शकतं. ते एका खिळ्यावरून एवढे का चिडतात, याचं उत्तर कधीकधी तिथे असतं.

आणि जे खरोखर भाडेकरू आहेत, त्यांच्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ काय म्हणतो? कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर मालक जागा परत मागू शकतो. पण गंमत पुढे आहे. कायमस्वरूपी बांधकामात काय धरायचं नाही, याची यादीही तिथेच आहे : लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातला उभा ओटा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट, धुराची चिमणी. अर्थात जिथे पालिकेची परवानगी लागते तिथे ती घेऊन. म्हणजे राहणाऱ्या माणसाला हवा, उजेड आणि स्वयंपाक लागतो, हे कायद्यालाही मान्य आहे. आपण परवानाधारक असल्यामुळे ही यादी दाखवून मालकाशी भांडता येणार नाही, आपल्यासाठी आधी आपला करार. पण मोजपट्टी म्हणून ती कामाची आहे. जे काढून नेता येतं आणि काढल्यावर भिंत होती तशी राहते, ते सहसा वादाचं कारण होत नाही. जे फोडल्याशिवाय निघत नाही, ते होतं.

एका गोष्टीबाबत मात्र मी जराही सूट देणार नाही. वीज. जुन्या बिल्डिंगमध्ये इंडक्शनचा जाड पिनचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये जात नाही, म्हणून कोणीतरी ओळखीचा पोरगा येतो आणि सहा अँपिअरचं सॉकेट काढून सोळाचं बसवतो. दीडशे रुपयांत काम तमाम. पण भिंतीतली वायर तीच राहते, बारीक. दोन हजार वॅटचं इंडक्शन साधारण नऊ अँपिअर ओढतं. प्लग बसला म्हणजे वायर पेलेल असं नाही. ती आत तापत राहते आणि तुम्हाला दिसत नाही. इथे प्रश्न डिपॉझिटचा राहत नाही.

मग काय, अकरा महिने लॉजमध्ये राहिल्यासारखं राहायचं? अजिबात नाही. तुम्ही भाडं देता, ते फक्त झोपण्यासाठी नाही. राहत्या जागेत आपलं काहीतरी असावं असं वाटणं ही चैन नाही, गरज आहे. मालकांनाही हे ऐकवायला हवं. 'भिंतीला खिळा ठोकू नये' असा बोर्ड लावण्यापेक्षा 'या दोन भिंतींवर चालेल, या दोनवर नको' एवढं सांगितलं, तर अर्धे वाद होणारच नाहीत. आणि वर्षानुवर्षं न बदललेला गळका नळ दुरुस्त करायला टाळाटाळ करणाऱ्या मालकाने मुलांच्या पोस्टरवर चिडू नये, हेही खरं.

पण मालक बदलेपर्यंत थांबायचं नसेल, तर आपल्या हातात बरंच आहे. राहायला गेल्या दिवशी, सामान लावण्याआधी, प्रत्येक भिंतीचे, फरशीचे, नळांचे फोटो काढा आणि मालकाला पाठवून ठेवा. जाताना 'हा डाग आधीपासून होता' हे सिद्ध करायला याहून सोपा पुरावा नाही. कराराची प्रत मागून घ्या. तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, त्यामुळे प्रत मागताना संकोच नको. चिकटणारे हुक, स्प्रिंगवाला पडद्याचा रॉड, जमिनीवर उभं राहणारं रॅक, वेल्क्रोची मच्छरजाळी, याने निम्मा मेकओव्हर होऊन जातो आणि पुढच्या घरी बरोबर नेता येतो.

आणि भोक पाडायचंच असेल, रंग द्यायचाच असेल, तर एक मेसेज. त्यात चार गोष्टी : काय करायचंय, कुठे (फोटोवर खूण करून), खर्च कोणाचा, आणि सोडताना ते राहणार की काढून भिंत पूर्ववत करणार. उत्तर फोनवर आलं, तर 'काका, आत्ता बोललो त्याप्रमाणे...' असं लिहून पुन्हा पाठवा. तोंडी 'हो, करा की' हे डिपॉझिट मोजताना कोणाला आठवत नाही. ना मालकाला, ना आपल्याला.

नकार येईल? येईल कधीकधी. पुढच्या फ्लॅटमध्ये मी दोन गोष्टी विचारल्या होत्या, शेल्फ आणि रंग. रंगाला काकांनी सरळ नाही म्हटलं. शेल्फबद्दल लिहिलं, "खिडकीच्या बाजूला नको, तिथून वायर गेली आहे. दाराजवळ लावा." भिंत वर्षभर फिकट पिवळीच राहिली, मला ती शेवटपर्यंत आवडली नाही. शेल्फ मात्र दाराजवळ नीट बसलं.

त्या पहिल्या फ्लॅटचं काय झालं, तेही सांगते. आमच्यानंतर कॉलेजातल्या दोन ज्युनिअर्स तो बघायला गेल्या होत्या. काकूंनी दारातूनच सांगितलं, "आता फॅमिलीलाच देणार." 'स्टुडंट्सना घर मिळत नाही' म्हणून आपण सगळे वैतागतो आणि ते वैतागणं बरोबरही आहे. पण त्या एका दारावर ती पाटी काकूंनी लावली नव्हती. ती आम्ही लावली होती, चौथा स्क्रू जोर लावून बसवताना.

तेव्हा रविवारी ड्रिल आणणार असाल, तर शनिवारीच तो मेसेज टाका.