दोन हजार वॉट, मोजून शंभर

तर झालं असं. डिसेंबरात पुण्याला निघायच्या आधी भाच्याचा फोन आला. "मामा, येताना माझ्या गाडीसाठी अ‍ॅम्प्लिफायर आणा ना. तिकडे दोन हजार वॉटचा स्वस्तात मिळतो म्हणे." पाठोपाठ त्याने जाहिरातीचा फोटोही पाठवला. चकचकीत क्रोमचं खोकं, निळे दिवे, आणि त्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत '२००० वॉट'.

मंडळी, दोन हजार वॉट म्हणजे किती ते आधी बघू. आपल्या न्हाणीघरातला गीझर साधारण दोन हजार वॉटचा असतो. विहिरीवरची तीन हॉर्सपॉवरची मोटर सव्वादोन हजारांची. गीझर २३० व्होल्टवर जेमतेम पावणेनऊ अँपियर घेतो, तरी त्याला वेगळी वायर आणि मोठा सॉकेट लागतो. गाडीत इंजिन चालू असताना मिळतात सुमारे १४.४ व्होल्ट. तेवढ्यावर दोन हजार वॉट काढायचे तर काहीही वाया न जाता १३९ अँपियर लागतील. आणि वाया तर जातंच. क्लास एबी जातीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये निम्म्याच्या आसपास वीज नुसती उष्णता होऊन जाते. म्हणजे झाले अडीचशे अँपियर. साध्या मोटारीचा आल्टरनेटर दिवे, पंखा, वायपर सगळं धरून शंभराच्या आगेमागे देतो. आणि फोटोतल्या खोक्याच्या पाठीवर फ्यूज होता एक, २५ अँपियरचा.

२५ गुणिले १४.४ म्हणजे ३६०. आत जाणार ३६० वॉट, बाहेर येणार दोन हजार! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आम्हाला शाळेत शिकवला होता. या कंपनीच्या लोकांनी तो धडा बहुतेक ऑप्शनला टाकला असावा. फ्यूज क्षणभर जास्त सोसतो हे मान्य, पण दहा-बारा पट सोसायला तो फ्यूज आहे की भीष्म?

आता नुसतं गणित करून गप्प बसलो असतो तर इंजिनिअर कसला. पंचेचाळीस डॉलर खर्च करून तेच खोकं मागवलं. मोजायला लागतं काय? चार ओहमचा भार म्हणून तारेचे जाड रेझिस्टर, आठ ओहमचे दोन-दोन समांतर जोडून, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर घट्ट बसवलेले. एक ऑसिलोस्कोप. एक ट्रू आरएमएस मल्टीमीटर. आणि १ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर देणारं काहीतरी. स्पीकर लावून मोजू नये, कारण स्पीकरवर 'चार ओहम' लिहिलं असलं तरी सुराप्रमाणे त्याचा अडथळा बदलतो आणि आकडा फसवतो. (शिवाय शेजारी पोलिसांना बोलावतात.) गाडी गॅरेजबाहेर काढून इंजिन चालू ठेवलं, दोन्ही चॅनेल एकदम जोडले आणि आवाज हळूहळू वाढवत नेला. पडद्यावरच्या लाटेचे माथे सपाट व्हायला लागले की थांबायचं, कारण त्यापुढे अ‍ॅम्प्लिफायर संगीत देत नाही, लाट छाटून देतो. त्या क्षणी मीटरवर १४.१ व्होल्ट. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे पन्नास वॉट. दोन चॅनेलचे मिळून शंभर.

दोन हजार वॉट, मोजून शंभर! म्हणजे वीसपट. हिला अतिशयोक्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. किलोचे पैसे घेऊन पन्नास ग्रॅम साखर देणाऱ्याला आपण काय म्हणतो?

यावर नेहमीचं उत्तर येतं की तो 'मॅक्स' आकडा आहे, क्षणिक आहे, खोटा नाही. ठीक, मग क्षणिक आकड्याचंही बघू. डॅशबोर्डातल्या स्टीरिओवर '५० वॉट गुणिले ४' लिहिलेलं असतं, ते कुठून येतं माहीत आहे? १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५१.८. आतली चिप बॅटरीचं सगळंच्या सगळं व्होल्टेज स्पीकरवर चौकोनी लाटेसारखं आपटते आहे असं धरलं तर हा आकडा मिळतो. शुद्ध सुराची कमाल मर्यादा त्याच्या बरोबर निम्मी, २५.९ वॉट. प्रत्यक्षात चिपमध्ये थोडं व्होल्टेज खर्ची पडून ऐकण्यालायक असे वीसेक हाती लागतात. म्हणजे पन्नासाच्या मागे निदान एक गणित आहे, लबाड असलं तरी. आमच्या खोक्यावरच्या दोन हजारांमागे तेही नाही. आपल्याकडच्या टू-इन-वनवर आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर 'पीएमपीओ' नावाचा आकडा छापलेला असायचा, आठवतं? त्याचंच हे भावंड.

दुसरं उत्तर जास्त शहाणपणाचं वाटतं: आकड्याला काय चाटायचंय, कानाला बरं लागल्याशी कारण. यातलं अर्धं मला पटतं. वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम कळण्याइतका. 'दुप्पट मोठं' वाटायला दहापट वॉट लागतात. गाडीच्या बंद डब्यात खरे पन्नास वॉट पुष्कळ झाले. पण मग खरे पन्नास असं लिहायला काय होतं? खोट्या आकड्याचा भुर्दंड पडतो गिऱ्हाइकाला. तो दोन हजारांच्या भरवशावर बटण पिळत जातो, लाट छाटली जाते, छाटलेल्या लाटेतली जादा शक्ती ट्वीटरची कॉइल जाळते, आणि दुकानदार सांगतो, "साहेब, पॉवर कमी पडली, तीन हजारवाला घ्या." बाजूच्याच फळीवर एखाद्या सरळ कंपनीचा '५० वॉट गुणिले २' लिहिलेला अ‍ॅम्प्लिफायर असतो, दामदुप्पट किमतीचा. तो कोण घेणार?

बरं, या धंद्याला मोजता येत नाही असं मुळीच नाही. १९९० च्या दशकात इथे गाड्यांच्या आवाजाच्या स्पर्धा जोरात होत्या आणि त्यांत गट ठरत अ‍ॅम्प्लिफायरच्या छापील वॉटवर. लगेच बाजारात असे नग आले की ज्यांवर लिहिलंय चार ओहमला पंचवीस वॉट, आणि अर्ध्या-एक ओहमचा भार दिला की ते शेकड्यांनी वॉट ओकतात. लोक त्यांना सरळ 'चीटर' अ‍ॅम्प्लिफायर म्हणत. म्हणजे आकडा लहान लिहिण्यात फायदा दिसला तेव्हा यांना लहान लिहिता आला!

कायद्याचं म्हणाल तर घरातल्या स्टीरिओसाठी तो आहे. १९६०-७० च्या काळात इथल्या कंपन्यांनी अशीच 'पीक' वॉटांची उधळण केली, तेव्हा फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला की वॉट सांगायचे तर सलग मिळणारे सांगा आणि कोणत्या अटींवर तेही सांगा. मोजण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर एक तृतीयांश शक्तीवर तासभर तापवायचा अशीही अट होती, त्यात कित्येकांना घाम फुटला. २०२४ मध्ये हा नियम आणखी पक्का केला: आठ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती एक टक्क्याच्या आत. पण हे सगळं 'घरगुती करमणुकी'साठी. तोच माणूस दिवाणखान्यातून उठून गाडीत बसला की त्याचं संरक्षण संपलं. गाडीसाठी उद्योगाने स्वतःच २००३ मध्ये सीईए-२००६ नावाचं मानक काढलं: १४.४ व्होल्ट, चार ओहम, एक टक्का विकृती. उत्तम मानक आहे, फक्त ऐच्छिक आहे. ऐच्छिक तराजू कोण वापरतो? ज्याला मुळात काटा मारायचा नाही तोच.

आपल्याकडे वाण्याच्या वजनांवर दर थोड्या वर्षांनी शिक्का मारून घ्यावा लागतो. २००९ चा वैध मापन कायदा आहे, त्याआधी १९७६ चा होता. वॉट हेसुद्धा किलोसारखंच मोजायचं एकक आहे, आणि ते मोजायला माझ्या गॅरेजमध्ये एक दुपार पुरली. तेव्हा इथे घरातला नियम गाडीला लावा, आणि तिकडे दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा: किती व्होल्टवर, किती ओहमला, किती टक्के विकृतीला? उत्तर नसेल तर छापलेला आकडा रंगकामात धरा.

भाच्यासाठी शेवटी '५० गुणिले २'चा, मानकाचं चिन्ह असलेला नेला. हातात घेऊन त्याने पाठपोट बघितला. "मामा, हा लहान आहे हो." लावल्यावर दोन दिवसांनी म्हणाला, आवाज मस्त येतो. मग जरा घुटमळून, "ते क्रोमवालं खोकं तुम्ही फेकलं नाही ना? पुढच्या वेळी आणा. नुसतं डिकीत ठेवतो."