रिकाम्या वजनाचा आकडा

गाळपाच्या हंगामात टेंभुर्णीवरून उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. वजनकाट्याच्या पावतीवर तीन आकडे असतात: भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि त्यातून निघालेले निव्वळ टनेज. नुसते टनेज लिहिलेली चिठ्ठी कोणी शेतकरी मुकाट्याने खिशात घालणार नाही. औषधशोधात मात्र तशी चिठ्ठी सर्रास चालते.

कर्करोगाच्या पेशींवर नवे रसायन तपासायची रुळलेली पद्धत म्हणजे एसआरबी चाचणी. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातही ती होते. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, रसायन घालायचे, उरलेल्या पेशी गुलाबी रंगवून 540 नॅनोमीटरला रंग मोजायचा. पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे जीआय-50. तिच्या गणितात रसायन घालतानाचा, शून्य वेळेचा आकडा वजा करावा लागतो. हेच रिकामे वजन! कितीतरी शोधनिबंधांत ते सापडत नाही. जीआय-50 तेवढा दोन दशांशांपर्यंत ऐटीत उभा असतो.

यावर ठरलेले उत्तर येते: पेशी जिवंत आहेत, आकडे हलणारच. हलतात, कबूल. पण किती आणि कशामुळे? अमेरिकेतल्या पाच केंद्रांनी एकच पेशीवाण आणि तीच औषधे घेऊन हे पाहिले. 2019 साली छापलेल्या त्या अभ्यासात केंद्राकेंद्रांच्या निकालांतला सुरुवातीचा फरक 200 पटींपर्यंत होता. एके ठिकाणी पेशी थेट मोजल्या होत्या, दुसरीकडे पेशींतल्या एटीपी या ऊर्जारेणूवरून अदमास बांधला होता. अशी कारणे सापडली ती मूळ नोंदी समोर ठेवल्यामुळे. ‘जीवशास्त्रच तसे’ म्हणून हात झटकले असते, तर काय सापडणार होते?

कधी काटा बरोबर असतो, गाडीच दुसऱ्याची निघते. केबी नावाच्या पेशी तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. त्या निघाल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या, हेला नावाच्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या पेढीतून पेशी आणल्या, तरी पुढे प्रयोगशाळेत त्या कितीदा वाढवल्या, ओळख पुन्हा केव्हा तपासली, हे लिहायलाच हवे.

अशा नोंदी खुल्या करण्यावर दुसरा आक्षेप चोरीचा. त्यात तथ्य आहे: पेटंटचा अर्ज करण्याआधी रेणू जाहीर केला तर नावीन्याचा दावा अडचणीत येतो. मग आधी अर्ज करावा, नंतर नोंदी खुल्या कराव्यात. शिवाय ज्या रेणूची रचना निबंधात छापून झाली, त्याच्या प्लेटचे आकडे दडवून वाचते काय? सीएसआयआरने 2008 साली क्षयरोगासाठी खुला औषधशोध सुरू केला, तो आपल्याच देशात.

राहिले छोट्या कॉलेजांचे रडगाणे: परवडत नाही. प्लेटच्या 96 आकड्यांची फाइल मोबाइलवरच्या फोटोपेक्षा लहान असते आणि सर्नच्या झेनोडो या खुल्या माहितीसाठ्यात ती फुकट ठेवता येते. खर्च आहे तो पेशींच्या ओळख-चाचणीचा. तो संशोधन-अनुदानात धरावा. शून्य वेळेचा आकडा मात्र यंत्रातून आधीच निघालेला असतो. मार्गदर्शकाने तो प्रबंधाच्या परिशिष्टात मागायचा, एवढेच.