नवख्याच्या हाती कोणते सॉफ्टवेअर द्यावे?

‘मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी कोणते सॉफ्टवेअर घेऊ?’ असे नवख्याने विचारले की जाणते मॉडेलकार बहुधा स्वतःच्या हाताला सरावलेल्या सॉफ्टवेअरचे नाव सांगून मोकळे होतात. ते एक्सट्रॅककॅड असेल, तर सल्ला बिनतोड वाटतो. पूर्ण मोफत, मुक्तस्रोत, शिवाय विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारे! पण त्यातले असंख्य पर्याय अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि पहिले वळण जुळवतानाच नवखा वैतागतो. टेम्प्लॉट तर हाताने रूळ घडवणाऱ्यांचेच हत्यार.

नवख्याला आधी विचारायला हवे, घरात रूळ कोणते आहेत? हॉर्नबीच्या सेटमधले की काटोचे युनिट्रॅक? एनीरेल आणि स्कार्म या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये कंपनीवार रुळांचे संच तयार असतात. तुकडा उचलून ठेवला की शेजारच्याला जोडला जातो. दोन्ही विंडोजवर चालतात. मोफत आवृत्तीत एनीरेल ५० तुकड्यांवर थांबते, स्कार्म १०० वर. हॉर्नबीच्या दुसऱ्या त्रिज्येच्या, म्हणजे ४३८ मिमीच्या ओव्हलला वळणाचे मोठे तुकडे आठच लागतात. एक लूप आणि दोन सायडिंग धरूनही काम ५० च्या आत आटोपते.

ही सॉफ्टवेअर दाखवतात त्या त्रिमिती चित्रावर मात्र कोणी भाळू नये.

खरा उपयोग चढाच्या हिशेबात होतो. कोथरूडचे जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून ज्यांना हा नाद लागतो, त्यांना आठ बाय चार फुटांच्या प्लायवरही एका रुळावरून दुसरा नेणारा पूल हवा असतो. एचओ मापात खालच्या रुळापासून वरच्या रुळापर्यंत साधारण ७५ मिमी उंची धरली, तर ३ टक्के चढाने तिथवर पोहोचायला २,५०० मिमी रूळ लागतो. प्लायची अख्खी लांबी २,४३८! उतार वेगळाच. दोन्ही टोकांची उंची भरली की सॉफ्टवेअर चढाची टक्केवारी समोर ठेवते, आणि करवत हाती घेण्याआधीच बेत बदलता येतो. नवख्याचे प्लाय आणि पैसे वाचतात ते इथे.

क्लबातल्या जाणत्यांनी यापुढे सॉफ्टवेअरचे नाव सांगण्याआधी नवख्याकडून जागेचे माप आणि रुळांच्या खोक्यावरचे नाव मागून घ्यावे, आणि पहिला आराखडा त्याच्या शेजारी बसून काढावा. परवाना विकत घ्यायचा की नाही, हे पन्नासावा तुकडा ठेवल्यावर त्याचे त्याला ठरवू द्यावे.