सांगितले तर स्त्री घाबरेल काय?

“फादर, फार खोलात जाऊ नका, बायका उगाच घाबरतात.” विवाहपूर्व शिबिरात गर्भनिरोधक गोळीचा विषय निघाला की हा सल्ला ठरलेला. देणारे सुशिक्षित असतात, बहुधा पुरुष असतात. स्त्रीच्या बुद्धीचा ह्याहून मोठा अवमान मला ठाऊक नाही.

आमच्या वाघोलीचे खेडेपण सरले. नगर रस्त्यालगत इमारती उठल्या, औषधांची दुकाने आली. संगणक कंपनीत जाणारी नववधू आणि बांधकामावर राबणारी मजूर स्त्री ह्या दोघींनाही गोळी सारख्याच सहजतेने मिळते. मिळत नाही ती माहिती.

गोळी करते तरी काय? शासनाच्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. पैकी २१ गोळ्यांत दोन कृत्रिम संप्रेरके, उरलेल्या ७ लोहाच्या. ही संप्रेरके मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा संदेश रोखतात, त्यामुळे स्त्रीबीज सुटत नाही. गर्भाशयमुखातील स्राव दाट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते. गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. म्हणजे गर्भनिरोधासाठी घेतलेली गोळी रोग बरा करीत नाही. निरोगी अवयवाचे काम थांबविते. अशा औषधाविषयी तर अधिकच बोलावयास हवे.

मळमळ, डोकेदुखी, अवेळी रक्तस्राव हे त्रास पुष्कळदा काही महिन्यांत ओसरतात. गंभीर धोका रक्ताच्या गुठळीचा. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला १ ते ५ जणींना तो गाठतो, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. आकडा लहान आहे हे खरे. परंतु उच्च रक्तदाब असलेली, डोळ्यांपुढे प्रकाशरेषा येऊन अर्धशिशी उठणारी किंवा पस्तिशी उलटूनही धूम्रपान करणारी स्त्री ह्यांच्या बाबतीत धोका वाढतो. त्यांनी ही गोळी घेऊच नये. नुकत्याच बाळंत झालेल्या, अंगावर पाजणाऱ्या मातेनेही नव्हे. हे प्रश्न गल्ल्यावर कोण विचारतो? आणीबाणीच्या गोळीला तर २००५ पासून डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही. त्या एका मात्रेत ‘माला-एन’च्या रोजच्या गोळीच्या दहापट लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते!

‘न सांगणे’ ही जुनी सवय आहे. १९५६ मध्ये पोर्तो रिकोच्या गरीब वस्त्यांत पहिल्या मोठ्या चाचण्या झाल्या. हा प्रयोग आहे हे त्या स्त्रियांना कोणी सांगितले नाही. आपल्याकडे ‘नेट-एन’ ह्या संप्रेरक इंजेक्शनच्या चाचणीबाबत हीच तक्रार घेऊन हैदराबादची स्त्री शक्ती संघटना व इतर महिला संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अमेरिकेत १९७० साली सिनेटमध्ये सुनावणी चालू असता तरुण स्त्रिया मध्येच उठल्या आणि आम्हांला हे का सांगितले नाही, असे विचारू लागल्या. त्यानंतरच तेथे पाकिटात धोक्यांची चिठ्ठी आली. त्या घाबरल्या नव्हत्या, संतापल्या होत्या.

आता आपल्या घरातले. पोप सहावे पॉल ह्यांनी १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिटे’ ह्या परिपत्रकात कृत्रिम गर्भनिरोध नाकारला. ती शिकवण मी मानतो व शिकवितो. तिचा पाया विवाहातील संपूर्ण आत्मदान हा आहे, रक्ताची गुठळी नव्हे. उद्या निर्धोक गोळी निघाली तरी ती शिकवण बदलणार नाही. मग तिच्या मदतीला असत्य कशाला? गोळीने कायमचे वांझपण येते, असे आपल्या सभांतून सांगितले जाते. ते खोटे आहे. गोळी बंद केल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते. कर्करोगाचे नाव काढणारे अर्धेच बोलतात. स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, गर्भाशयमुखाचाही दीर्घ वापराने वाढतो. पण बीजकोशाच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. हे दुसरे वाक्य गिळून टाकणारा प्रचारक आणि पहिले गिळणारा विक्रेता, दोघे एकाच माळेचे मणी.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पाकिटात मराठी चिठ्ठी हवी, भिंगावाचून वाचता येईल अशा अक्षरांत. पाकीट घरपोच देणाऱ्या आशाताईंजवळ रक्तदाब मोजण्याचे यंत्र हवे. आणि आपल्या शिबिरांत ह्या विषयाला स्त्री-डॉक्टर बोलवावी. त्या तासाला भावी पतींनीही बसावे, बाहेर चहा घेत उभे राहू नये.