दारिद्र्याचा दाखला आणि आजाऱ्याचा हक्क

आजारी माणसास प्रथम काय विचारावे? दुखते कोठे, केव्हापासून दुखते, ज्वर आहे की नाही, हे विचारावे, असे कोणीही शहाणा मनुष्य सांगेल. परंतु आपल्या राज्यात कित्येक वर्षे रुग्णालयाच्या दारात पहिला प्रश्न निराळाच असे. शिधापत्रिका कोणत्या रंगाची? पिवळी अथवा केशरी असेल तर सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया होईल, शुभ्र असेल तर रोख मोजा, नाही तर रोग्याला उचलून घरी न्या. रंगावरून माणसाची पात्रता ठरविण्याची या देशाची खोड जुनी आहे. वर्ण या शब्दाचा एक अर्थच मुळी रंग! ती खोड शिधावाटपाच्या दप्तरातही शिरावी, याचे आम्हास नवल वाटत नाही. परंतु या रंगांमागे जे उत्पन्नाचे आकडे दडलेले आहेत, ते आमच्या नवदीक्षित कुटुंबांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम या योजनेचा इतिहास पाहू. 1997 साली महाराष्ट्र सरकारने जीवनदायी आरोग्य योजना काढली, ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरती होती. 2 जुलै 2012 रोजी तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली व दर कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची हमी मिळाली. पिवळे, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी, म्हणजे वार्षिक उत्पन्न एक लाखापर्यंतचे, शिधापत्रिकाधारक तीत पात्र ठरले. परंतु आरंभी ती आठच जिल्ह्यांत लागू झाली. त्यांत सोलापूर होता, आमचा जिल्हा नव्हता. जामखेड तालुक्याच्या दक्षिणेस करमाळा लागतो. तेथील मजुराचे हृदय सरकारी खर्चाने दुरुस्त होई, शिवेअलीकडच्या मजुराचे होत नसे. 21 नोव्हेंबर 2013 रोजी योजना सर्व राज्यात लागू झाली, तेव्हा कुठे जामखेडचा नंबर लागला.

1 एप्रिल 2017 पासून योजनेस महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. या सुमारास मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतील शुभ्र पत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तीत घेतलेले होते. त्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत होत्या, तेव्हा निर्णय योग्यच होता. परंतु आमच्या शेजारी आष्टी, पाटोदा हे बीड जिल्ह्याचे तालुके आहेत. अवर्षण त्यांना आणि आम्हांला सारखेच. ढग काही जिल्ह्याची हद्द पाहून पाठ फिरवीत नाहीत. तरीही हद्दीपलीकडचा शेतकरी पात्र आणि अलीकडचा अपात्र ठरला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या सवलतीसाठी सात-बारा दाखवावा लागे. ज्याच्या नावे एक गुंठाही नाही असा भूमिहीन, पूर्वास्पृश्य वस्तीतला मनुष्य, त्याच्या हाती शुभ्र पत्रिका आली तर सात-बारा कोठून आणणार? संकटग्रस्तांसाठी काढलेल्या सवलतीतूनही ज्याच्याजवळ जमीन नाही तो तेवढा वगळला गेला. हे कोणी दुष्टपणाने केले असे आम्ही म्हणत नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो मनुष्य नसतो, तो नियमातही नसतो.

आता उत्पन्नाच्या आकड्यांकडे वळू. शिधापत्रिकांचे तीन रंग 1999 साली ठरले. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळी, त्याहून अधिक व एक लाखापर्यंत असेल तर केशरी, त्यावर शुभ्र. नंतरची पंचवीस वर्षे या रेषा जागच्या हलल्या नाहीत. आणि मजुरी? 2024-25 या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 297 रुपये होता. कागदपेन्सिल घेऊन हिशेब करा. घरातील एकाच माणसाने वर्षभरात 51 दिवस या दराने काम केले की 15,147 रुपये होतात, आणि ते कुटुंब पिवळ्या पत्रिकेच्या मर्यादेबाहेर जाते. उरलेले 314 दिवस ते उपाशी बसले तरी चालेल! नवराबायको दोघांनी 170 दिवस काम केले की 1,00,980 रुपये होतात. म्हणजे सहा महिनेदेखील पुरते काम न मिळालेले हे जोडपे कायद्याच्या दृष्टीने केशरी मर्यादा ओलांडून शुभ्र पत्रिकेच्या सधन वर्गात जाऊन बसले.

आमच्या भागातील ऊसतोड कामगाराचे प्रकरण याहून अवघड. दसरा झाला की कोयता घेऊन जोडपे कारखान्यावर जाते. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेते. ती हातात येताना रक्कम मोठी दिसते, गावातले लोक म्हणतात, यांच्याकडे काय कमी आहे! परंतु उचल हे उत्पन्न नव्हे, ते कर्ज आहे, आणि ते हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांनी फेडावयाचे असते. फेड अपुरी राहिली तर पुढच्या वर्षाच्या अंगावर चढते. मग या कुटुंबाचे उत्पन्न कोणते लिहावे? घेतलेली उचल, केलेली मजुरी, की फेड होऊन उरलेली शिल्लक? उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जात या प्रश्नाला जागाच नाही.

परिणाम काय होतो, ते कोणत्याही सेतू केंद्राच्या खिडकीशी घटकाभर उभे राहिल्यास कळेल. "मावशी, उत्पन्न किती लिहू?" असे आतला विचारतो. "जेवढ्यात बसंल तेवढं लिहा, दादा," असे बाहेरची सांगते. दोघांनाही ठाऊक असते की हा आकडा खरा नाही. मावशी त्यावर अंगठा उठविते, आणि सत्यप्रतिज्ञेवर असत्य नोंदविले जाते. कायद्याने हा गुन्हा आहे व आम्ही वकील या नात्याने कोणासही तो करण्याचा सल्ला देणार नाही. परंतु ज्या बाईने बुद्धवंदनेस उभे राहून मुसावादापासून अलिप्त राहण्याचे शील घेतले, तिच्यावर मुलाचे प्राण वाचविण्यासाठी ते शील मोडण्याची पाळी आणणारा नियम कोणी केला, याचा जाब कोणास विचारावयाचा? खोटे बोलल्याबद्दल गरिबाला दोष देणारे पुष्कळ आहेत. खरे बोलून ज्यात बसता येत नाही अशी मर्यादा पंचवीस वर्षे तशीच ठेवणाऱ्यांकडे बोट दाखविणारे फारसे आढळत नाहीत.

सुदैवाने या योजनेपुरती ती अट आता गळून पडली आहे. 2020 च्या मे महिन्यात, करोनाच्या साथीत, सरकारने शुभ्र पत्रिकाधारकांनाही तात्पुरते आत घेतले. रोगजंतू उत्पन्नाचा दाखला मागत नाही हे तेव्हा सर्वांनाच पटले होते. पुढे 28 जुलै 2023 च्या शासननिर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली करण्यात आली व संरक्षणाची रक्कम दर कुटुंबास वर्षाला पाच लाख झाली. 1 जुलै 2024 पासून याचा अंमल सुरू झाला. त्याच वर्षी 29 ऑक्टोबरपासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक वृद्धास, उत्पन्न न विचारता, घेतले जाऊ लागले. आणि 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

ही मोठी गोष्ट आहे, आणि तरीही आमची कुटुंबे तिचा लाभ घेताना अजून कचरतात. "आमचं कार्ड पांढरं हाय, आम्हांला नाही मिळत," असे म्हणून सावकाराकडे जाणारे लोक आम्ही पाहतो. मुलगा शिक्षक झाला, म्हणून बापाने आपली पत्रिका शुभ्र करून घेतली, आणि आता उपचाराला मुकलो असे तो समजतो. त्याची ही समजूत 30 जून 2024 पर्यंत खरी होती. आज ती खरी नाही. रुग्णालयातील एखादा कारकून जुना नियम सांगत असेल तर त्यास नवा दाखवा. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे जा. तोही ऐकत नसेल तर 155388 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मात्र पाच लाखांचा आकडा ऐकून भलतीच अपेक्षाही धरू नका. ही रक्कम साऱ्या कुटुंबास मिळून आहे. ती ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारांसाठी, योजनेशी संलग्न रुग्णालयातच मिळते. ताप आला, खोकला झाला, औषध लिहून घेतले, याचा खर्च तीतून निघत नाही.

उत्पन्नाची अट जेथे अद्याप जिवंत आहे ते ठिकाण म्हणजे धर्मादाय रुग्णालये. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली एक योजना मंजूर केली. तिच्याप्रमाणे या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना विनामूल्य व दहा टक्के दुर्बलांना सवलतीने द्यावयाच्या आहेत, आणि आपल्या एकूण देयकांतील दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावयाची आहे. आरंभी निर्धनाची मर्यादा पंचवीस हजार व दुर्बलाची पन्नास हजार होती. ती टप्प्याटप्प्याने वाढून एक लाख ऐंशी हजार व तीन लाख साठ हजार झाली. म्हणजे इच्छा असली की मर्यादा वाढविता येते! मग शिधापत्रिकेच्या पंधरा हजारांनाच कोणता शाप आहे? तातडीच्या प्रसंगी रोग्यास प्रथम दाखल करून त्याचा जीव वाचविण्याचे उपचार करावेत, निर्धन व दुर्बल रुग्णांकडून अनामत मागू नये, असेही त्या योजनेत आहे. तरी 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने अनामत मागितल्याच्या आरोपावरून राज्यभर गदारोळ उठला, हे वाचकांस स्मरत असेल. सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा प्रकरणात, प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टराचे पहिले कर्तव्य ठरविले. 1996 साली पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भंग आहे व पैसा नाही ही सबब राज्यास सांगता येणार नाही. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुरास कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले होते, त्यावरून हा खटला उभा राहिला.

येथे बाबासाहेबांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्यासाठी प्रा. आडारकर यांनी 1944 साली कारखान्यांतील मजुरांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला व त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्याची रचना पाहा. मजूर आपल्या वेतनातून अंशदान देतो, मालक देतो, आणि आजारपणात मजूर जे घेतो ते हक्काने घेतो. आपण किती दरिद्री आहोत हे त्यास सिद्ध करावे लागत नाही, आपण काम करतो एवढेच सिद्ध करावे लागते. 1947 च्या आपल्या निवेदनात बाबासाहेबांनी आयुर्विमा राज्याच्या हाती असावा व प्रत्येक प्रौढ नागरिकास तो सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. प्रत्येक नागरिकास, केवळ दरिद्री नागरिकास नव्हे! गरिबांसाठी वेगळे दार केले की ते दार हळूहळू मागील दार बनते, आणि मागील दाराने आत जाण्याचा अनुभव आमच्या समाजाइतका कोणास असणार?

जामखेडलाच याचे दुसरे उदाहरण आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या स्त्रिया निवडल्या, त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, आणि त्यांना बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठ यांची ओळख करून दिली. या कामास 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे डॉक्टर जामखेड पाहावयास आले. या सेविकेस गावातील प्रत्येक घर ठाऊक असे. कोणाच्या चुलीवर काय शिजते हे जी पाहते, तिला तहसीलदाराचा दाखला कशाला लागेल?

सरकारकडे मात्र ती नजर नाही, त्यास कागदच लागतो. म्हणून आमची विनंती अशी की, कागद आजारापूर्वी नीट करा. दीक्षा घेतल्यावर पुष्कळांनी नावे बदलली, मुलांना नवी नावे ठेवली, कोणी आडनावे टाकली. ते योग्यच केले. परंतु शिधापत्रिकेवर एक नाव आणि आधारपत्रावर दुसरे, असे असेल तर नेमक्या वेळी रुग्णालयात खोळंबा होतो. दोन्हींवर एकच नाव करून घ्या. सुनेचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी करून सासरच्या पत्रिकेत चढवा, नवजात बालकाचे चढवा. या योजनेत जात विचारली जात नाही, धर्मही विचारला जात नाही, तेव्हा बौद्ध लिहिल्याने उपचार जाईल ही भीती मनातून काढून टाका. धर्मादाय रुग्णालयासाठी उत्पन्नाचा दाखला काढताना खरे उत्पन्न लिहा. एक लाख ऐंशी हजारांच्या मर्यादेत आमची बहुतेक मजूर कुटुंबे खरे बोलूनही बसतात. खाट नाकारली तर कारण लेखी मागा व तो कागद जोडून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा. आणि प्रत्येक गावच्या बौद्ध पंचायतीने, 1999 ची पंधरा हजार व एक लाखाची मर्यादा आजच्या मजुरीप्रमाणे वाढवावी, असा ठराव करून तहसीलदारांमार्फत अन्न व नागरी पुरवठा विभागाकडे पाठवावा. धान्य अजून त्याच रंगांवर अवलंबून आहे.

ज्या कुटुंबांना कारखान्यावर जावयाचे आहे त्यांनी ही कामे दसऱ्यापूर्वी उरकावीत. फडात अपघात झाला तर राज्यातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात योजना चालते, परंतु शिधापत्रिका आणि आधारपत्र गावी पेटीत राहिले तर आरोग्यमित्रही काही करू शकत नाही. दोन्हींच्या छायाप्रती कोयत्याबरोबरच्या गाठोड्यात असू द्या, आणि एक प्रत गावात विहारात ठेवा.